राजाचा कान आणि गुळाचा खडा

वेणुवती नगरीवर राजा अमोघसेनाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या गजशाळेतल्या एका माहुताच्या घरी जन्माला आला. आईबापांनी त्याचे नाव सुमंग ठेवले. चालता येऊ लागल्यापासून तो हत्तींच्या पायांतच वावरला, त्यामुळे आपल्यापेक्षा मोठ्या कशाचीही भीती वाटायची राहूनच गेली, आणि पुढे एके दिवशी हे फार उपयोगी पडले.

या घराण्याची हत्ती हाकण्याची एक रीत होती. अंकुश घरात होता, पण खुंटीला लटकून त्याला गंज चढला होता. रानातून नवा हत्ती आला की पहिल्याच दिवशी घरातला कर्ता माहूत त्याच्याजवळ जाई, त्याचा उजवा कान हातात धरी, हलकेच एक पीळ देई आणि लगेच त्याच्या तोंडात गुळाचा खडा घाली. कान आधी, गूळ नंतर. हा क्रम चुकवायचा नाही. त्या पिळाने हत्तीला काही दुखत नसे. पण एवढ्या मोठ्या देहाला पहिल्यांदा कळे, की इथे आपल्याशी कोणीतरी बोलतो आहे. मग जन्मभर माहुताच्या पायाचा अंगठा कानामागे टेकला, तरी त्याला पुरे होई. म्हणून हत्तीच्या कानावर काही बांधायचे नाही, असा त्या घरात कडक नियम होता. पाठीवर सोने घाला, सुळ्यांना चांदी मढवा, कान मात्र उघडे ठेवा.

आईबाप लवकर गेले. मागे राहिली सुमंगची धाकटी बहीण उत्पला, आणि पुष्कर नावाचा एक हत्ती. पुष्करला पिल्लू असतानाच त्यांच्या बापाने आणून वाढवले होते. उत्पला रांगत होती तेव्हा तोही धडपडत चालत होता. दोघे बरोबरच मोठे झाले, एक जरा जास्त मोठा झाला इतकेच.

आता राजाविषयी सांगायला हवे. अमोघसेन तरुण होता, शूर होता, देत्या हाताचा होता. दहांतले नऊ दिवस त्याच्यासारखा राजा शोधून सापडला नसता. दहाव्या दिवशी मात्र त्याला राग येई, आणि राग आला की त्याचे कान बंद होत. समोरचा काय सांगतो ते त्याला ऐकूच जात नसे. दाढी करताना ओरखडा उठला म्हणून त्याने नाभिकाला नगराबाहेर घालवले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घोड्यावर बसून त्याला शोधून आणले. एकदा आंब्याच्या झाडाखालून जाताना पिकला आंबा त्याच्या छत्रावर पडला. झाड तोडा, अशी आज्ञा सुटली. ते झाड त्याच्या आईचे होते. ती त्याच्या सावलीत बसून लहान अमोघसेनाला भात भरवीत असे. राजमाता जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. संध्याकाळी राग उतरला आणि राजा त्या बुंध्यापाशी बसून ढसाढसा रडला. नाभिक परत आला होता, पण झाड काही परत उभे राहिले नाही.

एके सकाळी राजा गजशाळेत आला. उत्पला पुष्करला ऊस घालीत होती. राजा अंबारीत चढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "महाराज, आज नका बसू. पट्टा आवळून बांधलाय, खाली त्याला जखम झालीय."

 राजाला अशी आडवी जाणारी माणसे ठाऊक नव्हती. पण तो दिवस नऊ दिवसांपैकी होता. राजाने वाकून पाहिले, जखम खरीच होती. त्याने तिथेच स्वतःच्या हाताने पट्टा सैल केला आणि मग तासभर गजशाळेतच रेंगाळला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. हत्तीची जखम बरी झाली तरी त्याचे येणे थांबेना, तेव्हा काय ते सगळ्या गजशाळेला कळले. पंधरवड्याने राजपुरोहित वसुबंध नाकाला शेल्याचे टोक लावून लिदीच्या ढिगामधून वाट काढीत सुमंगच्या दारी आला. राजाने उत्पलेला मागणी घातली होती.

सुमंगने उत्तरासाठी एक दिवस मागून घेतला. त्याने बहिणीला विचारले, "तुझ्या मनात काय आहे?"

"माणूस वाईट नाही, दादा."

"वाईट नाही, म्हणूनच घोर लागलाय. वाईट असता तर मी सरळ नाही म्हणून मोकळा झालो असतो."

"मग?"

"अगं, दहाव्या दिवशी काय करशील? तिथं मी नसेन. तू बोलशील आणि त्याला ऐकू जाणार नाही."

 उत्पला म्हणाली, "पुष्कर आला तेव्हा बाबांनाही सगळे असंच म्हणत होते. हा चिडका आहे, परत रानात सोडा. त्यांनी सोडला का?"

 सुमंगने होकार कळवला, पण घोर काही गेला नाही. बहिणीला राजवाड्यात पाठवायची, तर तिच्या पाठराखणीला काय द्यायचे, हा विचार त्याचा पाठलाग करीत राहिला. माहुताकडे देण्यासारखे असते तरी काय? गुळाचे खडे आणि गंजलेला अंकुश.

लग्नाचा दिवस उजाडला. नगरीने असा थाट पाहिला नव्हता. राजवाड्यासमोरच्या पटांगणात चाळीस खांबांचा मांडव उभा राहिला, धूळ बसावी म्हणून घागरींनी पाणी शिंपले गेले. नवरदेव पुष्करवर बसून येणार होता. पण सुमंग त्या दिवशी वधूचा भाऊ, त्याची जागा मांडवात. त्यामुळे पुष्करच्या मानेवर दुसरा माहूत बसला. हा माहूत अंकुशाचा भोक्ता. वर राजाच्या सोनाराने हौसेने हत्तीच्या कानांसाठी सोन्याच्या जरीच्या दोन टोप्या शिवून घेतल्या होत्या, मोत्यांच्या झालरीच्या. नव्या माहुताने त्या घट्ट बांधून टाकल्या. दिसायला फार सुंदर दिसत होत्या. सुमंगला विचारायचे कोणाच्या डोक्यातच आले नाही. वधूच्या भावाला त्या दिवशी कोण काय विचारतो!

वरात मांडवाच्या तोंडाशी आली, आणि एकदम शंभर नगारे आणि शंख वाजू लागले. पुष्कर बावरला. त्याने सवयीने वाट पाहिली, की कानामागे ओळखीचा अंगठा टेकेल आणि सांगेल, घाबरू नको. अंगठा टेकलाही असेल, पण जरीच्या जाड टोपीतून त्याला काही कळले नाही. तो मागे सरला. माहुताने अंकुश मारला. बस्स, मग काय विचारता! पुष्कर जो उसळला, तो मांडवाचा पहिला खांब मोडूनच थांबला. माहूत एकीकडे पडला, छत्र दुसरीकडे. नवरदेव अंबारीतून घसरून सरळ चिखलात बसला. डोक्यावरचा मुकुट घरंगळत जाऊन नगाऱ्यावाल्यांच्या पायांशी थांबला.

राजाला लागले काहीच नव्हते. पण सगळ्या नगरीसमोर, लग्नाच्या दिवशी, चिखलात! दहावा दिवस नेमका आजच उगवला होता.

"मारा त्याला!" राजा गरजला. "धनुर्धर कुठे आहेत? बाण सोडा!"

"महाराज, कानावरचं आवरण—" सुमंग मांडवातून ओरडला. राजाला ऐकू गेले नाही.

"महाराज, थांबा!" उत्पला ओरडली. तेही ऐकू गेले नाही. तेव्हा हळदीच्या पिवळ्या वस्त्रातली ती नवरी तशीच धावत सुटली आणि हत्तीसमोर हात पसरून उभी राहिली.

"जो मध्ये येईल त्याच्यावरही सोडा!" राजा म्हणाला. मध्ये कोण आले आहे हे त्याने पाहिलेही नव्हते. धनुर्धरांनी पाहिले होते. त्यांनी बाण लावले, दोऱ्या ताणल्या, आणि सोडावे की न सोडावे या विचारात ते तसेच उभे राहिले.

सुमंग तोवर पुष्करपाशी पोचला होता. त्याच्या हातात काही नव्हते. सोंड एकदा त्याच्या डोक्यावरून सूं करीत गेली, तशी त्याने मान खाली घातली आणि बगलेतून आत शिरला. त्याने उजव्या कानाची जरीची टोपी ओरबाडून काढली. मोती टपाटपा चिखलात पडले. मग त्याने तो मोठा थोरला कान दोन्ही हातांत धरला आणि हलकेच पीळ दिला, बापाने पहिल्या दिवशी दिला होता तसाच.

"काही नाही रे बाळा," तो म्हणाला. "मी आहे ना."

पुष्कर उभ्या जागी थांबला. त्याच्या पोटातून एक लांब सुस्कारा आला. त्याने गुडघे टेकले आणि सोंडेने सुमंगचा कमरपट्टा चाचपू लागला, कारण कान पिळल्यावर गूळ मिळतो हे तो इतक्या वर्षांत विसरला नव्हता. सुमंगजवळ खडा होता. त्याने तो दिला.

लोकांच्या तोंडून एकच आनंदाचा घोष उठला. कोणालाही वाटले असते, संकट टळले. पण राजाचा राग अजून तसाच उभा होता. शांत बसलेला हत्ती त्याला सोपी शिकार वाटला.

"शाबास, सुमंग!" तो म्हणाला. "बैठा आहे तोवरच मारून टाका. तुला पाच गावे दिली. गजशाळेचा अधिपती तू. आता बाजूला हो."

पाच गावे म्हणजे काय थोडी झाली! सुमंगच्या सात पिढ्यांनी लीद उपसली होती. नुसते दोन पावले बाजूला व्हायचे, एवढेच काम होते. शिवाय राजा उद्या रडला असता, पुष्करचा सोन्याचा पुतळा उभारला असता आणि मेव्हण्याला आणखी दहा गावे दिली असती. पण सुमंगच्या डोळ्यांपुढे आंब्याचा तो बुंधा आला, आणि पुढची सगळी वर्षे आली, ज्यांत त्याची बहीण रोज सकाळी उठून आज कितवा दिवस आहे हे मोजणार होती.

"गावं नकोत, महाराज," तो म्हणाला.

"काय म्हणतो आहे हा?" राजा आजूबाजूच्यांना विचारू लागला. त्याला खरेच ऐकू येत नव्हते.

तेव्हा सुमंग चालत राजापाशी गेला. त्याने हत्तीचा कान धरलेला, चिखलाने माखलेला आपला उजवा हात वर केला, राजाचा उजवा कान चिमटीत धरला आणि हलकेच पिळला.

मांडवातले नगारे केव्हाच थांबले होते. आता लोकांचे श्वासही थांबले. अंगरक्षकांच्या बारा तलवारी एकदम म्यानाबाहेर आल्या. पुरोहित वसुबंधाने डोळे मिटून घेतले. सुमंगने हात सोडला नाही.

राजा हलला नाही. त्या कानाला कितीतरी वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता. शेवटचा लागला होता तो आईचा, आंब्याखाली, भाताचा घास थुंकला म्हणून. राजा एखाद्या लहान मुलासारखा सुमंगकडे पाहू लागला. आणि मग त्याला ऐकू येऊ लागले. आधी हत्तीचा श्वास ऐकू आला. मग ताणलेल्या दोऱ्यांची कुरकुर. मग कोणाचे तरी दबलेले हुंदके. त्याने तिकडे पाहिले. हत्तीच्या सोंडेला पाठ लावून, चिखलाने भरलेल्या पिवळ्या वस्त्रात, अजून हात पसरून उत्पला उभी होती, आणि वीस बाणांची टोके तिच्याकडे रोखलेली होती.

"तिच्यावर बाण कोणी रोखायला सांगितले?" राजा हळूच म्हणाला.

"तुम्हीच, महाराज," सुमंग म्हणाला.

राजाने हाताने खूण केली, तसे बाण खाली आले. सुमंगने कान सोडला, आणि राजा पुन्हा तिथेच चिखलात बसला. या वेळी त्याला कोणी पाडले नव्हते. "आणि तू सांगत होतास. मला ऐकू आले नाही."

"ऐकू आलं असतं, तर मी कानाला हात कशाला लावला असता?"

कोणीतरी फिसकन हसले. ती उत्पला होती. डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि हसू आवरत नाही, अशी तिची अवस्था झाली होती. ती राजासमोर येऊन उभी राहिली. "महाराज, आज दादा इथे होता," ती म्हणाली. "उद्या नसेल. आज काय झालं ते तुमच्या ध्यानात राहणार असेल तर मी फेरे घालते. नाही तर पुष्करबरोबर घरी जाते. आम्हा दोघांना वाट ठाऊक आहे."

सगळ्या मांडवाचे डोळे राजाकडे लागले. असे बोलणे ऐकून घेणारा राजा कोणी पाहिला नव्हता. अमोघसेन उठला. त्याने खांद्यावरचा सोन्याच्या काठांचा शेला काढला आणि सुमंगच्या खांद्यावर घातला. "गावे तुला नकोत, तर हे तरी घे," तो म्हणाला. "मला माझे कान परत मिळाले, त्याचा हा आहेर. आणि आता अग्नीपुढे, पुरोहितांसमोर, सगळ्या नगरीसमोर माझा कान पुन्हा एकदा पीळ. मघाशी मी रागात होतो. या वेळी मला नीट लक्षात ठेवायचे आहे."

वसुबंधाने घसा खाकरला. "महाराज, विधीमध्ये हे कुठेच सांगितलेले नाही."

"मग आजपासून सांगत जा," राजा म्हणाला.

मोडलेला खांब बाजूला केला गेला, मुकुट धुतला गेला, अग्नी पेटला. उत्पलेने ओंजळीतल्या लाह्या अग्नीत सोडल्या, आणि त्याच वेळी एका माहुताने वेणुवतीच्या राजाचा कान धरून पिळला. नगाऱ्यांनी आभाळ डोक्यावर घेतले. पुष्कर, आता उघड्या कानांनी, सोंड वर करून असा ओरडला, की नदीपलीकडच्या लोकांना वाटले दुसरे लग्न लागले. सुमंग मागे सरणार, तोच राजाने त्याच्यापुढे हात केला.

"गूळ?" तो म्हणाला.

सुमंगने कमरेला चाचपले आणि उरलेला खडा राजाच्या तोंडात घातला.

यानंतर अमोघसेनाला राग आला नाही असे नाही. यायचाच तो यायचा. पण राग चढू लागला की त्याचा हात आपोआप उजव्या कानाकडे जाई. राजा कान चोळतो आहे असे दिसले, की दरबारी एकमेकांकडे पाहून निश्चिंत होत. तोडलेल्या झाडाच्या जागी त्याने आणि उत्पलेने नवे आंब्याचे रोप लावले, आणि त्याला रोज पाणी घालण्याचे काम पुष्करकडे आले.

राजाचा कान पिळला जातो, तर आमच्या मेव्हण्याचा का नाही, असे नगरीतल्या भावांना वाटू लागले. त्यांना वाटायला फार वेळ लागला नाही, हे सांगायला नकोच. घरोघरी लग्नात लाह्यांच्या वेळी वधूचा भाऊ पुढे होऊ लागला, आणि नवरदेवाने त्याला वस्त्र द्यायची पद्धत पडली. कोणा मुलीला सख्खा भाऊ नसला तर चुलत, मावस, कोणीही उभा राही. एका सुताराच्या मुलीला असा कोणीच नव्हता, तर पुष्करवर बसून सुमंग स्वतः तिच्या मांडवात गेला. त्या नवरदेवाने म्हणे पुढे जन्मात बायकोवर आवाज चढवला नाही, कारण पिळताना सुमंगच्या मागे पुष्करही उभा होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, सोमदत्त नावाच्या एका तरुण कापूसविक्याला सांगितली. त्याचे लग्न होऊन तीन दिवस झाले होते, आणि तीनही दिवस तो रुसला होता. लग्नात मेव्हण्याने त्याचा कान असा पिळला होता, की तो अजून लाल होता. चार लोकांत आपला पाणउतारा झाला, ही चाल भिक्षूंनी निषिद्ध ठरवावी, असे गाऱ्हाणे घेऊन तो विहारात आला होता. सासरचे जेवायला बोलावून थकले होते.

कथा संपली तेव्हा भिक्षूंमध्ये हसू पसरले होते. शास्ते म्हणाले, "सोमदत्ता, तेव्हाचा राजा अमोघसेन तू होतास. उत्पला म्हणजे तुझी पत्नी. आज तिसरा दिवस, ती तुझे ताट वाढून बसली आहे. माहूत सुमंग मी होतो. समोर पाच गावे असताना ज्याने एका मुक्या जिवाला सोडले नाही, आणि समोर तलवारी असताना एका रागावलेल्या माणसालाही सोडले नाही, त्याच्या त्या गुणाला करुणा म्हणतात."

सोमदत्त खाली मान घालून ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "भगवन्, आणि पुष्कर?"

शास्त्यांनी विहाराच्या दाराकडे पाहिले. तिथे सोमदत्ताचा मेव्हणा उभा होता. धिप्पाड, बुटका दरवाजा म्हणून वाकलेला, रुसलेल्या जावयाला चौथ्यांदा बोलवायला आलेला. आत यावे की नको, हे त्याला कळत नव्हते. त्याच्या हातात पानात बांधलेला गूळ होता.

"तोही आला आहे," शास्ते म्हणाले. "त्या जन्मी तू त्याच्यावर वीस बाण रोखले होतेस. या जन्मी त्याने फक्त तुझा कान पिळला."

सोमदत्त उठला. दारापाशी जाऊन त्याने मेव्हण्यापुढे आपला दुसरा कान केला. मेव्हणा गोंधळला, मग मोठ्याने हसला, आणि कानाला हात न लावता त्याने गुळाचा खडा सोमदत्ताच्या तोंडात घातला. दोघे मिळून जेवायला गेले.